केसांचा रिपोर्ट राहू द्या, आधी चिऊचं रक्त तपासून घ्या

कोपरखैरण्याहून एका ताईंचं पत्र आलंय. चार पानी आहे, त्यातला मुद्द्याचा भाग तेवढा देते.

"डॉक्टरबाई, नमस्कार. माझं वय ३२. वर्षभर अंगात त्राण नाही, केस गळतात, सांगितलेलं लक्षात राहत नाही. गेल्या महिन्यात सोसायटीत आरोग्य शिबिर झालं. त्यांनी माझे थोडे केस कापून नेले. रिपोर्टमध्ये पारा, शिसं आणि अ‍ॅल्युमिनियम तिन्ही लाल पट्टीत आलेत. शरीरात जड धातू साठलेत, दहा सलाइन लावून ते बाहेर काढावे लागतील म्हणाले. पॅकेज ४८ हजारांचं. मी ५ हजार भरून बसले. मिस्टर मार्केटला माथाडीत आहेत, एवढे पैसे एकदम निघत नाहीत. हे घ्यावं का? अ‍ॅल्युमिनियमची भांडी काढून सासूबाईंची माळ्यावरची पितळी भांडी कल्हई करून वापरू का? मिस्टरांना खाडीची निवटी फार आवडते, ती बंद करू का? घरात आम्ही दोघं, सासूबाई, तीन वर्षांची चिऊ आणि धाकटे भाऊजी. भाऊजी दिघ्याला बॅटरीच्या गाळ्यात आहेत. त्यांचे कपडे धुताना पाणी असं काळंकरडं निघतं की मशीन बिघडेल की काय वाटतं. चिऊचं पोट साफ होत नाही, किरकिर फार करते, एचबी ८.८ आलंय, भिंतीचे पोपडे काढून खाते. तिला डॉक्टरांनी आयर्नचं सिरप दिलंय, ते चालू आहे. दिवाळीनंतर दुसऱ्या बाळाचा विचार आहे, म्हणून मला माझ्या शरीरातले धातू आधी काढून टाकायचेत."

ताई, पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात तुमचे केस आणि ४८ हजार दिसले. दुसऱ्या वाचनात वॉशिंग मशीनच्या वाक्याशी थांबले आणि चहा गार होईपर्यंत तिथेच राहिले. तुम्ही ते मशीनच्या काळजीने लिहिलंय. मला त्या वाक्यात चिऊ दिसली.

भाऊजींच्या कपड्यांतून निघणारं ते करडं पाणी म्हणजे बहुतेक शिसं आहे. इन्व्हर्टरची किंवा ट्रकची बॅटरी असते ना, तिच्या वजनातलं निम्म्याहून जास्त वजन शिशाचं. जुनी बॅटरी फोडली, प्लेटा काढल्या, खरवडल्या, की त्यांच्यावरची भुकटी उडते. पिठासारखी बारीक असते. ती शर्टाच्या शिवणीत बसते, पँटच्या दुमडीत बसते, केसांत, नखांत, चपलेच्या तळव्यात बसते आणि भाऊजींबरोबर लोकलने घरी येते. भाऊजी दारात पोचले की चिऊ धावत जाऊन त्यांच्या कमरेला मिठी मारत असेल. काकाने उचलून घेतलं की तोंड त्यांच्या खांद्याला घासत असेल. धुवायच्या आधी तुम्ही तो शर्ट गॅलरीत झटकत असाल, आणि तुमच्या पायाशी ती खेळत असेल. हे मी अंदाजाने लिहितेय, पण माझ्या दवाखान्याच्या वर्षांत अशी घरं पाहिलीत. चुकत असेन तर कळवा, मला आनंदच होईल.

लहान मुलाचं आतडं शिसं मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट शोषून घेतं. त्यात पोटात लोह कमी असेल तर आणखी जास्त, कारण लोह आत घेण्याचा जो दरवाजा आहे त्यातूनच शिसंही शिरतं. दरवाज्याशी लोह नसलं की शिशाला रान मोकळं. आत गेलेलं शिसं रक्त तयार होण्याच्या कामात पाचर मारतं, म्हणून एचबी आणखी घसरतं. लोह कमी असलेली मुलं माती, खडू, भिंतीचे पोपडे असलं काहीबाही खातात. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असतं आणि शिशाची काही संयुगं चवीला गोडसर लागतात. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, आत ठेवायचं हा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. तुमची खोली त्याआधी रंगवलेली असेल तर भिंतही संशयितच. म्हणजे चिऊच्या बाबतीत दोन वाटा झाल्या, काकाचे कपडे आणि भिंत. बद्धकोष्ठ, किरकिर, रक्त कमी, पोपडे खाणं ही चारही लक्षणं शिशाचं नावही न काढता समजावता येतात, म्हणून तुमच्या डॉक्टरांना दोष देत नाही. आयर्नचं सिरप योग्यच आहे, बंद करू नका. फक्त त्यांच्या कानावर बॅटरीचा गाळा गेला नसावा. आपल्याकडे बाळाच्या वडिलांचा व्यवसाय विचारतात, काकांचा कोणी विचारत नाही.

मीही विचारला नव्हता. १९८७ मध्ये मी नौपाड्यात नवी होते. एका छापखान्यात टाइप ओतण्याचं काम करणारे गृहस्थ पोटाच्या कळांनी यायचे. मी सहा महिने त्यांना आवेची औषधं दिली. कळ उठली की माणूस उशी पोटाशी दाबून गोळा व्हायचा. बद्धकोष्ठ होतं, ताप नव्हता. एके दिवशी शर्टाचं वरचं बटण त्यांना लावता येईना. उजवं मनगट लुळं पडलं होतं. मोठ्या इस्पितळात पाठवलं तर तिथल्या सिनियर सरांनी ओठ उलटून हिरड्या दाखवल्या. दातांच्या कडेने निळसर काळी रेघ. "काम काय करतात?" एवढंच विचारलं त्यांनी. मला कामाचं नाव माहीत होतं, पण ते काम म्हणजे दिवसभर वितळलेल्या शिशाशेजारी उभं राहणं, हे डोक्यातच आलं नव्हतं. तेव्हापासून माझ्या केसपेपरवर नावाखाली व्यवसाय असतो आणि त्याखाली घरातल्या इतरांचे व्यवसाय.

आता करायचं काय ते सांगते. या आठवड्यात चिऊला घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि "रक्तातलं शिसं" ही तपासणी लिहून मागा. इंग्रजीत ब्लड लेड लेव्हल म्हणतात, चिठ्ठीवर तसंच लिहायला सांगा. रक्त दंडाच्या शिरेतून घ्यायचं. बोटाला टोचून घेतलं तर कातडीवरची धूळ त्यात मिसळते आणि आकडा फुगतो. वाशीच्या मोठ्या लॅबमध्ये नमुना देता येतो, तपासणी बहुधा बाहेर जाते आणि रिपोर्टला काही दिवस लागतात. भाऊजींचं रक्तही त्याच दिवशी द्या. तुमचंही द्या, का ते पुढे सांगते.

आकडा मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये येईल. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२१ पासून मुलांसाठी ३.५ ही रेघ धरलीय, त्याच्या वर आकडा गेला की घरात शोध सुरू करायचा. जागतिक आरोग्य संघटना ५ पासून स्रोत शोधून तोडा म्हणते. या रेघेच्या खाली सगळं आलबेल असं मात्र समजू नका. शिशाची सुरक्षित पातळी म्हणून कोणतीच नाही. वाढत्या मेंदूवर थोडं शिसंही परिणाम करतं, आणि झालेला परिणाम औषधाने मागे फिरत नाही. म्हणून घाई करा म्हणते. पण एकट्या तुमच्याच घरावर संकट कोसळलंय असंही धरू नका. २०२० मध्ये युनिसेफच्या अहवालात जगातल्या ८० कोटींपर्यंत मुलांच्या रक्तात ५ किंवा त्याहून जास्त शिसं असल्याचा अंदाज होता, त्यात भारतातली साडेसत्तावीस कोटी. शिशाचं पेट्रोल आपण २००० मध्येच बंद केलं. तरी हा आकडा, म्हणजे शिसं आता पंपावरून नाही, घराघरांतून आणि गाळ्यागाळ्यांतून येतंय.

मुलांना शिसं बांधून बाहेर काढणारी औषधं खरंच आहेत. ती साधारण ४५ च्या वर आकडा गेला की, इस्पितळात, रोजचं रक्त आणि लघवी बघत देतात. त्याखाली इलाज एकच, स्रोत तोडणं. रक्तातलं शिसं महिन्याभरात जवळजवळ निम्मं होतं, नवीन आत गेलं नाही तर. म्हणून घर स्वच्छ केल्यावर महिन्याने पुन्हा तपासायचं. आकडा खाली आला की समजायचं, चोर बरोबर पकडला.

आता तुमचा केसांचा रिपोर्ट. तो फाडू नका, नुसता बाजूला ठेवा. केस हे शरीराच्या आतलं सांगतात त्यापेक्षा शरीराबाहेरचं जास्त सांगतात. टाकीचं पाणी, शाम्पू, मेंदी, डाय, रस्त्यावरची धूळ सगळं केसांवर चिकटतं आणि यंत्राला ते आतलं की वरचं हे कळत नाही. एकाच डोक्याचे केस दोन लॅबना दिले तर दोन वेगळे रिपोर्ट आलेले आहेत. म्हणून शिशाची बाधा ठरवायला डॉक्टर केस वापरत नाहीत. गंमत अशी, की तुमच्या रिपोर्टातली शिशाची लाल पट्टी योगायोगाने खरं बोलत असेल. भाऊजींचे कपडे तुम्ही धुता, ती भुकटी तुमच्या केसांवर बसत असेल. पण मग त्यावर उपाय कपड्यांचा, सलाइनचा नाही.

तिसरा लाल धातू अ‍ॅल्युमिनियम. तो जड धातूच नाही हो. जड धातूंच्या यादीत अ‍ॅल्युमिनियम छापणाऱ्यांच्या हाती शीर द्यावी का, ते तुम्हीच ठरवा.

सलाइनबद्दल मात्र मला कडक बोलावं लागेल. त्यात ईडीटीए नावाचं औषध असतं. शिशासाठी वापरतात ते कॅल्शियम घातलेलं ईडीटीए. त्याच नावासारखं दुसरं एक आहे, ते रक्तातलं कॅल्शियमच ओढून नेतं आणि हृदय बंद पाडू शकतं. अमेरिकेत २००३ ते २००५ या काळात अशा उपचारात तिघं दगावले, त्यात एक पाच वर्षांचा मुलगा होता, त्याला असं सलाइन क्लिनिकमध्येच लावलं होतं. योग्य औषध असलं तरी ते शिशाबरोबर जस्तही बाहेर नेतं. आणि कधी कधी हे लोक आधी औषध देतात, मग लघवी तपासतात, आणि "बघा किती धातू निघाले" म्हणून दाखवतात. औषध दिलं की कोणाच्याही लघवीत धातू वाढतातच, अगदी धडधाकट माणसाच्याही. तो पुरावा नाही, तो हातचलाखीचा खेळ आहे. ५ हजारांची पावती असेल तर लेखी अर्ज देऊन परत मागा. नाही मिळाले तरी ४३ वाचले. तळव्यांना चिकटवायच्या पट्ट्या सकाळी काळ्या होतात, त्या घामाने होतात, त्यात शिसं नसतं. कोथिंबिरीचा रस प्या, चवीसाठी प्या. त्याने चिऊचा आकडा उतरणार नाही.

तुमच्या थकव्याचं काय मग? बत्तीसची बाई, पदरी तीन वर्षांचं मूल, घरात पाच माणसांचं करणं आणि झोप किती ते पत्रात लिहिलंच नाही. माझ्या अनुभवात अशा दहा बायकांत निम्म्या जणींचं लोह रिकामं असतं, काहींचा थायरॉइड मंद असतो, काहींचं बी १२ तळाला गेलेलं असतं. एचबी, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड) आणि बी १२ या तपासण्या त्या पॅकेजच्या कोपऱ्याएवढ्या पैशांत होतात. त्याबरोबर रक्तातलं शिसं, कारण तुम्हाला दुसरं बाळ हवंय. शिसं कॅल्शियमचं सोंग घेऊन हाडांत जाऊन बसतं आणि तिथे वर्षानुवर्षं राहतं. गरोदरपणात बाळासाठी हाडांतून कॅल्शियम निघायला लागलं की तेही उठून रक्तात येतं आणि वारेतून बाळापर्यंत पोचतं. तुमचा आकडा चढा आला तर दिवाळीनंतरचा बेत चार-सहा महिने पुढे ढकलून आधी घर साफ करायचं. कॅल्शियमची गोळी आणि नाचणी, दूध तेव्हा खरं उपयोगी पडतं. मोठं काही नाही, पण हाडांतून निघणारं शिसं जरा कमी होतं.

कपड्यांबद्दल खुलासेवार लिहिते, कारण ४८ हजारांचं काम इथे साबणाच्या वडीत होणार आहे. सगळ्यात उत्तम म्हणजे भाऊजींनी गाळ्यातच अंघोळ करून दुसरे कपडे, दुसऱ्या चपला घालून निघावं. तिथे मोरी नसेल तर घराच्या दाराबाहेर झाकणाची बादली ठेवा. चपला बाहेर, कपडे न झटकता बादलीत, भाऊजी सरळ न्हाणीघरात. डोक्यावरून अंघोळ, नखं ब्रशने. मगच चिऊ. ते कपडे बाकी कोणाच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत, शेवटी वेगळे धुवायचे, आणि नंतर मशीन नुसतं पाणी घालून एकदा रिकामं फिरवायचं. घरात कोरडा झाडू आता काही दिवस विसरा, ओल्या फडक्याने फरशी पुसा आणि फडकं धुतलेलं पाणी कुंडीत नको, मोरीत. चिऊचे हात जेवणाआधी आणि झोपण्याआधी साबणाने. उपाशीपोटी शिसं जास्त शोषलं जातं, म्हणून तिचं सकाळचं खाणं चुकू देऊ नका. पोपडे सुटलेली भिंत घासायला मात्र जाऊ नका, भुकटी उडेल. ओल्या कापडाने पुसून घ्या, पलंग किंवा कपाट सरकवून ती जागा झाका, आणि रंगारी बोलवाल तेव्हा चिऊला सासूबाईंबरोबर गावी पाठवा.

भाऊजी तंबाखू खातात का? खात असतील तर हा एक मुद्दा बाकी सगळ्यांपेक्षा मोठा आहे. प्लेटा हाताळलेल्या तळहातावर तंबाखू आणि चुना मळायचा, अंगठ्याने रगडायचा आणि तो ओठाखाली धरायचा, म्हणजे शिशाची गुटी स्वतःच्या हाताने भरवणं. हात धुतल्याशिवाय चहाचा कपही उचलायचा नाही.

त्यांना समोर बसवून ओरडू नका. गावाहून येऊन हा मुलगा मिळालं ते काम करतोय. त्याच्या शरीरात तुमच्यापेक्षा जास्त शिसं असेल आणि त्याला कोणी सांगितलेलं नसेल. मनगट सैल पडणं, पोटात कळा, चिडचिड, रक्तदाब वाढणं, मूल होण्यात अडचण हे सगळं त्याच्याही वाट्याला येऊ शकतं. त्याला विचारा, गाळ्यात प्लेटा नुसत्या काढतात की भट्टीत वितळवून लाद्याही पाडतात? वितळवत असतील तर ते फार वाईट. त्या धुरापुढे तोंडाला बांधलेला रुमाल काही कामाचा नाही. जुन्या बॅटऱ्या नोंदणी असलेल्या रीसायकलरकडेच जायला हव्यात, असा नियम २००१ पासून आहे आणि २०२२ मध्ये तो नव्याने आला. कामगाराला शिशाची बाधा झाली तर ती सरकारला कळवायची असते, १९४८ च्या कारखाना कायद्यात कळवण्याच्या रोगांच्या यादीत पहिलं नावच शिशाचं होतं. ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड असेल तर रक्ताचा रिपोर्ट घेऊन तिथे दाखवा, कामामुळे झालेला आजार म्हणून नोंद करायला सांगा. मालक ऐकत नसेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार करता येते. नोकरी जाईल ही भीती खरी आहे, मी ती फुंकरीने उडवणार नाही. पण रिपोर्ट हातात असला की मालकाशी बोलण्यात फरक पडतो, हेही पाहिलंय. त्याच वसाहतीत आणखी दोन-तीन पोरं त्या गाळ्यात जात असतील, तर चौघांनी मिळून मोरी आणि एक्झॉस्ट मागणं एकट्याने मागण्यापेक्षा सोपं.

आता पितळी भांडी. ताई, तुम्ही शिशापासून पळता पळता शिशाच्याच दारात जाल अशी मला धास्ती वाटतेय. आमच्या वाड्यात दिवाळीच्या आधी कल्हईवाला यायचा. अंगणात खड्डा करून भाता जोडायचा, कोळसे लाल झाले की पातेलं त्यावर फिरवायचा, चिमूटभर नवसागर टाकला की पांढरा धूर भसकन वर यायचा, आणि मग कथलाची कांडी टेकवून कापसाने असा हात फिरवायचा की काळं पातेलं आरशासारखं व्हायचं. आम्ही पोरं तोंड बघायला धडपडायचो. ती कल्हई कथलाची. कथील महाग, शिसं कित्येक पटींनी स्वस्त, आणि दोन्ही वितळून चकाकतात. भेसळ इथेच होते. कल्हईवाल्याच्या हातातली कांडी मागून घ्या आणि कानाशी धरून वाकवा. शुद्ध कथील वाकताना कर्रकर्र आवाज करतं. शिसं मुकाट वाकतं आणि कागदावर घासलं तर पेन्सिलीसारखी करडी रेघ ओढतं. पण थोडं मिसळलेलं असेल तर कान आणि कागद दोन्ही फसतील, आणि ओतीव पितळात मुळातच थोडं शिसं घातलेलं असू शकतं. म्हणून माझा सल्ला असा, की सासूबाईंची भांडी पाणी तापवायला, पुजेला, कोरड्या डब्यांसारखी वापरा. आमटी, कढी, चिंचगुळाची आणि आमसुलाची भांडी स्टीलचीच. सासूबाई नाराज होतील. त्यांना सांगा, डॉक्टरबाईंनी सांगितलंय, माझ्यावर ढकला.

अ‍ॅल्युमिनियमबद्दल तुम्ही वेगळ्याच कारणाने बरोबर आहात. भंगार वितळवून ओतलेल्या बिनशिक्क्याच्या कढयांमध्ये शिसं मिसळलेलं असू शकतं. २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बाहेरून आलेल्या अ‍ॅल्युमिनियम, पितळ आणि हिंडालियम या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या काही भांड्यांतून शिसं उतरतं म्हणून तिकडच्या लोकांना सावध केलं. आठवडी बाजारात वजनावर घेतलेली ओबडधोबड कढई असेल तर ती काढा. नावाच्या कंपनीचा कुकर ठेवा.

निवटी. मी ठाण्याची आहे, मला निवटीच्या कालवणाविरुद्ध लिहिताना हात आखडतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने साठच्या दशकापासून या खाडीच्या काठी आहेत, तिच्या गाळात धातू सापडलेत, आणि निवटी गाळातच राहते. खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, मान मिळाला, फ्लेमिंगो येतात, पण गाळ एका घोषणेने धुतला जात नाही. महिन्यातून एकदा-दोनदा खा, नाल्याच्या तोंडाशी काढलेली कालवं आणि खुबे नकोत, ती पाणी गाळून खातात आणि सगळं अंगात साठवतात. पाऱ्याचं गणित वेगळं. तो लहान माशातून मोठ्या माशात चढत जातो आणि मांसात मुरतो, धुऊन किंवा शिजवून जात नाही. जपानच्या मिनामाता गावात कारखान्याचा पारा मासळीतून लोकांच्या मेंदूपर्यंत गेला, १९५६ मध्ये तो आजार समोर आला, तोही लोकांच्या ताटातूनच. दिवस राहिले की मुशी, कुपा आणि मोठी सुरमई सोडा. मांदेली, बोंबील, तारली बिनधास्त खा. मासे बंद करू नका, बाळाच्या मेंदूला ते हवेत.

चिऊच्या डोळ्यांत सुरमा घालत असाल तर बंद, काही सुरमे चक्क शिशाच्या खनिजाचे असतात. घरच्या दिव्याच्या काजळाला तो दोष नाही. सहाणेवर उगाळलेल्या बाळगुटीचं वय आता गेलं, पण कोणी पोटासाठी भस्माची पुडी देत असेल तर पुडीतलं नाव मला कळवल्याशिवाय देऊ नका, नागभस्मातला नाग म्हणजे शिसंच. आणि मिस्टर मार्केटमधून सुटी हळद आणत असतील, तर जर्द पिवळी पॉलिश केलेली हळकुंडं टाळा. बांगलादेशात हळदीला रंग यावा म्हणून शिशाचं पिवळं चूर्ण चोळत, २०१९ मध्ये सरकारने धाडी घातल्या आणि दोन वर्षांत ते जवळजवळ थांबलं.

सोमवारी रक्त द्या. तिघांचं एकदमच. चिऊ घाबरली तर काकांना आधी बसवा, त्यांच्या दंडाला सुई लागताना तिला बघू द्या. रिपोर्ट आले की तीनही आकडे आणि भाऊजींनी गाळ्याबद्दल जे सांगितलं ते लिहून पाठवा. चिऊचा आकडा ४५ च्या वर असेल तर मला पत्र लिहीत बसू नका, तसंच मोठ्या सरकारी इस्पितळात न्या.